लग्नपत्रिकेचं पॅकिंग

जुन्या येझदी मोटरसायकलच्या क्लचचं कव्हर उघडलं तेव्हा त्याला चिकटलेलं पॅकिंग, म्हणजे फटीतून ऑइल झिरपू नये म्हणून मध्ये बसवतात तो कागद, अखंड सुटून हातात आलं. एरवी ते तसं येत नाही, ब्लेडने तासभर खरवडत बसावं लागतं. ऑइल पिऊन तांबूस झालेली, बोटभर रुंदीची, कव्हरच्या आकाराने वळलेली कागदाची पट्टी. तिच्यावर छापील अक्षरं होती. ट्यूबलाइटखाली धरून वाचली. ‘चि. सौ. कां.’, मग बोल्टचं भोक, पुढे ‘रविवार दि. १७ मे १९९८’, पुन्हा भोक, आणि खालच्या वळणावर ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’.

म्हणजे हे इंजिन १९९८ च्या उन्हाळ्यात किंवा त्यानंतर कुणीतरी उघडलं होतं. दुकानात पॅकिंग मिळालं नसेल, किंवा आणायला वेळ नसेल, आणि पत्रिका समोर पडली असेल. पण नुसती कात्री चालवली नव्हती. एका पानात एवढं मोठं कव्हर मावत नाही, म्हणून दोन पानं सांधली होती आणि सांधा सरळ न घेता तिरका घेतला होता, ऑइल झिरपू नये म्हणून. भोकं पंचने पाडल्यासारखी गोल. मी ती पट्टी वर्तमानपत्रावर पसरून वाळत घातली. नवरा म्हणाला, “फ्रेम करणार आहेस का?”

मी एका सहकारी बँकेत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासायच्या. कुणाचा हात थरथरतोय, कुणी घाईत केलीय, कुणी दुसऱ्याची गिरवलीय, हे सवयीने कळतं. गाडी उघडायला घेतल्यावर पहिल्या महिनाभरात लक्षात आलं की इथेही तेच काम आहे.

गाडी १९८६ ची येझदी रोडकिंग. का येझदी, याला फार मोठं उत्तर नाही. लहानपणी आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला दूधवाला येझदीवरून यायचा, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. प्रत्येक दारात गाडी बंद कोण करणार, म्हणून ती चालूच असायची. एक-दोन ठोके द्यायची, एक गिळायची, पुन्हा दोन द्यायची. आता पडली बंद, आता पडली, असं वाटायचं आणि पडायची नाही. मला त्या आवाजाने जाग यायची. बास, एवढंच.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढे नाव येझदी झालं, १९७८ च्या सुमारास रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरची दांडी एकच. डाव्या बाजूची ती दांडी आत दाबून वर फिरवली की किक, पुन्हा खाली आणली की गिअर. नवखा माणूस किक शोधत गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो. गिअर टाकताना क्लच दाबायची विसरलात तरी चालतं, दांडीच आतून क्लच सोडवते. हे सगळं कुणी कशासाठी योजलं असेल, याचा विचार करण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्यात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गडहिंग्लजजवळच्या एका गावातून ती चोवीस हजाराला घेतली. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याखाली होती. मालकांनी पेंड्या बाजूला केल्या तशी आधी हेडलाइट दिसली, मग टाकी, मग एक कोंबडी उठून गेली. किक खाली जातच नव्हती, इंजिन जाम. पण आरसी बुक प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून नीट ठेवलेलं. सातबाऱ्यावर चढावीत तशी त्यात तीन नावं चढलेली, आणि हे काका तिसरे. “मी दोन हजार नऊला घेतली, तवापासनं इंजिनाला हात न्हाई लावला,” म्हणाले. त्यामुळे पत्रिकेचा कारागीर कोण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जुनी गाडी घेणाऱ्यांना मी एकच सांगेन. इंजिन जाम असलेली घ्या, टाकी सडलेली घ्या, पण कागद नसलेली घेऊ नका. इंजिन उद्यमनगरात सुटतं.

उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं उद्यमनगर. उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं ज्या गावात बनली, तिथली फाउंड्र्यांची आणि लेथची वस्ती. माझे चाचा, म्हणजे गाडीचे मिस्त्री, तिथलेच. सत्तरीला आलेत. टिनाच्या शेडमध्ये दुकान, दारात कायम दोन बुलेट आणि एक उघडी राजदूत. मी पहिल्यांदा गेले तेव्हाचं बोलणं असं झालं:

“गाडी सोडून जावा मॅडम. दोन महिन्यांनी या.”

“सोडायची नाहीये. मीच उघडणार.”

“मग मी कशाला?”

“चुकलं तर सांगायला.”

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग दोन वरसं जातील,” म्हणाले. एकोणीस महिने लागले.

जाम इंजिन सोडवायचं म्हणजे प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) ओतून ठेवायचं आणि वाट बघायची. रोज बँकेतून आले की मागच्या चाकाला हात लावून, गिअर टाकून, पुढे-मागे हलवून बघायची. नवव्या दिवशी केसभर हलली. त्या रात्री मी जेवले नाही, असं आमच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात. ते खरं नाही. उशिरा जेवले.

मग एकेक पदर निघत गेला. वायरिंग मूळचं जेमतेम चार ठिकाणी उरलेलं, बाकी खताच्या पोत्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेलं. गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टचे आटे गेलेले, म्हणून भोक मोठं करून जाड बोल्ट ठोकलेला. तोही तिरका, त्यामुळे खाली एम-सीलचा लाडू. डायनॅमोच्या कव्हरला चार स्क्रू, तीन जातींचे. आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या नटावर छिन्नीचे घाव. पाना लागत नाही तर लाव छिन्नी आणि मार हातोडा. क्लचच्या मधल्या नटाचे सहा कोपरे झिजून तो पेढ्यासारखा गोल झाला होता.

पण त्याच इंजिनात दुसरेही हात दिसत होते. कार्बोरेटरच्या पितळी फ्लोटला, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीला, चीर गेली होती, तिच्यावर राईएवढा झाळणीचा ठिपका, इतका नेमका की फ्लोटचं वजन वाढू नये. पॉइंट म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा स्विच, आणि त्याच्या टोकांमध्येच ठिणगी उडू नये म्हणून असतो तो कंडेन्सर. पॉइंटच्या प्लेटवर मूळ कंडेन्सर नव्हताच. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा जाडजूड कंडेन्सर प्लेटच्या बाहेर बसवलेला, आणि त्याला धरणारी पट्टी पावडरच्या डब्याच्या पत्र्यातून कापून, कडा आत दुमडून केलेली. कडा हाताला लागू नयेत म्हणून दुमडलेल्या! मी चाचांना दाखवली.

“हे पत्रिकावाल्याचं काम,” ते म्हणाले. “आणि ते नट छिन्नीवाल्याचे. दोगं येगळे.”

तेव्हापासून आमच्यात ही दोन नावं पडली. कुठलाही भाग उघडला की आधी ठरवायचं, इथे कोण येऊन गेलाय. छिन्नीवाला असेल तर आत काहीतरी तुटलेलं असणार, हे धरूनच चालायचं. पत्रिकावाला असेल तर चाचा म्हणायचे, “हात लावू नका.” मी ऐकायची नाही. कंडेन्सरच्या बाबतीतही ऐकलं नाही. गाडी ‘ओरिजिनल’ करायची असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तो जाडा कंडेन्सर त्याच्या पट्टीसकट काढला आणि टूलबॉक्समध्ये टाकला.

सिलिंडर बोअरला नेला, म्हणजे आतून कापून मोठा करून घ्यायला. बोअरवाल्याने गेज लावायच्या आधी आत बोट फिरवलं आणि म्हणाला, “पंचाहत्तर झालेत.” मग गेज लावलं, पंचाहत्तरच निघालं. म्हणजे मूळ ६५ मिलिमीटरचा बोअर आधीच पाऊण मिलिमीटर वाढवून झाला होता. आता शेवटचा, पूर्ण एक मिलिमीटर वाढीव. त्याच्यापुढे पिस्टन मिळत नाही, स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, टाकावी लागते. पिस्टन कोल्हापुरात मिळाला नाही, पुण्याच्या नाना पेठेत मिळाला, तिसऱ्या दुकानात. तो हातात आल्यावरच बोअर करायचा असतो, कारण प्रत्येक पिस्टन मोजून सिलिंडर त्याच्या मापाचा कापतात. अडीच थाव जागा ठेवली. थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कमी ठेवली तर पिस्टन तापून फुगतो आणि धरतो, जास्त ठेवली तर खडखडतो. आमच्या बँकेत असा अडीच हजारांश फरक कुणी शोधायला गेलं तर त्याची बदली होईल.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला आतल्या बाजूने खिडक्या असतात, पेट्रोल यायला आणि धूर जायला. बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. तशाच ठेवल्या तर पिस्टनची रिंग खिडकीसमोरून जाताना थोडी बाहेर फुगते, कडेला अडकते आणि मोडते. चाचांनी मला बारीक कानस आणि पॉलिश पेपर दिला आणि प्रत्येक कड मोडायला लावली. “मारायची न्हाई, नुसती गोंजारायची.” दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, बँकेच्या मशीनवर अंगठा उमटेना.

सायलेन्सरच्या आतल्या जाळ्यांचं मात्र चाचांनी काही सांगितलं नाही, ते मी स्वतःच्या अकलेने केलं. पस्तीसेक वर्षांचा काजळी-डांबराचा थर त्यांच्यावर बसला होता. आमच्या परसात आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर मी दोन्ही जाळ्या निखाऱ्यात खुपसल्या. आधी नुसता धूर. मग थराने पेट घेतला. जळक्या तेलाचा जो काळा लोट उठला तो थेट शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. सासूबाई बाहेर आल्या, चुलीकडे बघितलं, कुरडयांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आता तू जा त्यांच्याकडं. मी न्हाई जाणार.” गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या कुरडया घालायला मी होते. जाळ्या मात्र नव्यासारख्या निघाल्या.

जोडणीचं फार सांगत नाही. रात्रभर बेअरिंग फ्रीजरमध्ये मटारशेजारी आणि केसिंग गॅसवर, मग एकाचं आकुंचन आणि दुसऱ्याचं प्रसरण जुळवून बसवायचं. सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगची छोटी कडी, एकदा उडाली, दोन तासांनी माझ्याच केसांत सापडली. हे सगळ्यांचं होतं.

टायमिंगचं सांगायला पाहिजे. पिस्टन सगळ्यात वर पोचायच्या सुमारे तीन मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत, म्हणजे त्या क्षणी ठिणगी पडते. चाचांची पद्धत अशी: प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडायचा, पिस्टन वर आला की स्पोकवर खूण करायची, त्याच्या तीन मिलिमीटरवर दुसरी. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या दोन टोकांमध्ये धरायचा आणि हलकेच ओढत राहायचा. चाक हळूहळू फिरवायचं. ज्या क्षणी कागद सुटतो त्या क्षणी स्पोक दुसऱ्या खुणेवर असला पाहिजे. नसला तर प्लेट किंचित फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मला हे काम इतकं आवडलं की गरज नसताना चार वेळा केलं. चौथ्यांदा स्क्रू आवळताना प्लेट सरकली असावी, ते मला कळलं नाही.

मार्च २०२३, शनिवार. सोळाव्या किकला गाडी सुरू झाली. तोच आवाज, दोन ठोके देऊन एक गिळणारा. नवरा, सासूबाई, कुरडयावाल्या काकू, सगळे परसात. मी दिमाखात बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली. मागे म्हणजे सरळ मागे, दगडी पाट्यावर चढून न्हाणीघराच्या भिंतीला धडकली. कुणालाच काही कळेना. मला वाटलं गिअरबॉक्स उलटी जोडली. चाचांना फोन लावला. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, ते हसत होते.

“टायमिंग लई पुढं गेलंय. किक उलटी मारली तिनं, आणि इंजिन उलटं फिरायलंय. टू-स्ट्रोकला काय, सरळ काय नि उलटं काय.”

खरंच आहे. टू-स्ट्रोकला वॉल्व्ह नसतात, खिडक्या उघडतात-मिटतात पिस्टनच्या वरखाली होण्याने. ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर जाता जाताच मागे ढकलला जातो आणि इंजिन उलट्या दिशेने खुशाल चालू राहतं. आमच्या गल्लीत अजून मला “रिव्हर्सवाली गाडी” म्हणतात.

टायमिंग नीट केलं. गाडी पुढे जाऊ लागली. पण खरा घोळ नंतर सुरू झाला, आणि त्याने माझे तीन महिने खाल्ले.

धूर. टू-स्ट्रोक धूर सोडतेच, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. आम्ही लिटरला चाळीस मिली टाकतो. पूर्वी पंपावर टू-टीचं वेगळं मशीन असायचं, आता मी पर्समध्ये मापाची बाटली घेऊन फिरते. पण हा धूर वेगळा होता. पांढरा, दाट, गाडी तापली तरी न थांबणारा. रंकाळ्याच्या चौकात सिग्नलला थांबले तर मागचे रिक्षावाले रुमाल लावायचे. मी ऑइल कमी केलं, लिटरला तीस मिली. फरक नाही. कार्बोरेटरचे जेट बदलले, निडल एक घर खाली केली, प्लग बदलला. फरक नाही. प्लग काढला की ओला आणि काळा. आठवडाभर मी पेट्रोलला दोष दिला. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचे रबर फुगतात, उभ्या गाडीच्या टाकीच्या तळाशी पाणी जमतं, हे खरंच आहे, माझ्या पेट्रोलकॉकचा वायसर त्यानेच गेला होता. पण धुराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

चाचांकडे गेले. त्यांनी गाडी चालू केलीच नाही. म्हणाले, “गिअरबॉक्सचं ऑइल काढा.” काढलं. लिटरभर घातलं होतं, मापात अर्ध्याच्या आसपास भरलं. दीडशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते आणि जमिनीवर एक थेंब नव्हता.

“मग कुठं गेलं?”

“तुम्ही बँकेतल्या. तुम्ही सांगा.”

सांगता आलं, कारण दुसरी जागाच नव्हती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोली हवाबंद लागते. पिस्टन वर जाताना त्या खोलीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. क्रँकच्या दोन्ही टोकांना म्हणूनच रबरी सील असतात. क्लचच्या बाजूचं सील फाटलं असेल तर ती ओढ कार्बोरेटरबरोबर पलीकडचं गिअर ऑइलही खेचते, ते जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरं होऊन बाहेर येतं. माझं निम्मं गिअर ऑइल मी रंकाळ्यावर धूर करून उडवलं होतं.

सील नवीन होतं. मीच बसवलेलं. पुन्हा कव्हर उघडलं, क्लच उतरवला, पुलर लावून स्प्रॉकेट काढलं, सील बाहेर घेतलं. त्याचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, वरून अखंड दिसत होता. उलटा करून, अंगठ्याने ताणून उजेडात धरला तेव्हा दिसली, तीन-चार मिलिमीटरची बारीक चीर, नखाने पाडावी तशी. शाफ्टवर चावी बसायची खाच असते. सील सरकवताना त्या खाचेच्या धारेवरून गेलं आणि कापलं. माझ्या हाताने, मी खूश असताना.

चाचांनी काही न बोलता दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा शाफ्टवर गुंडाळला, त्याच्यावरून नवीन सील अलगद सरकवलं आणि पिशवी ओढून काढली. दहा सेकंद. “हे मला आधी का नाही सांगितलं?” मी जरा चिडूनच विचारलं. “तुम्ही विचारलं न्हाई. मला वाटलं ठावं असंल,” म्हणाले, आणि मग जरा वेळाने, “मीबी असंच शिकलो. गिऱ्हाइकाच्या गाडीवर. तुमी निदान स्वतःच्या.”

कव्हर बसवायचं तर पॅकिंग फाटलेलं. पहिल्या वेळी मी दुकानातला ऑइल पेपर आणून कापलं होतं, ते एका कोपऱ्यात कायम पाझरायचं. आता रात्रीचे साडेनऊ, दुकानं बंद, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. घरी भाच्याच्या मुंजीची पत्रिका होती, जाड, गुळगुळीत. एका पानात मावेना. दोन पानं घेतली, सांधा तिरका घेतला. पंच नव्हता, म्हणून कव्हरच्या भोकांवर कागद ठेवून बॉल-पीन हातोडीच्या गोल तोंडाने हलके ठोके दिले, कागद कडेवर आपोआप कापला जातो. ग्रीस लावून बसवलं. ते अजून पाझरलेलं नाही. छिन्नीवाल्याने केलेल्या ड्रेन बोल्टचं मात्र अजून काही करता आलेलं नाही. आटे पुन्हा भरून घ्यायचे म्हणजे इंजिन पुन्हा खाली. तिथला लाडू मी नवीन एम-सीलने नवा वळला, एवढंच. पुढे कुणी उघडेल तेव्हा मला कुणाच्या खात्यात टाकेल, माहीत नाही.

कागदपत्रांचं लवकर आटपते. काका हयात होते, त्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या दिल्या (खऱ्या होत्या, मी तपासल्या). जुनं हस्तलिखित आरसी बुक ऑनलाइन नोंदीत नव्हतं, त्यामुळे आधी बॅकलॉग एंट्री, मग नावावर करणं, मग फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण. पंधरा वर्षं झाल्यावर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. दुचाकीची त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ३०० वरून १००० झाली होती, ती मी भरली. आता वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २००० झालीय. पर्यावरण कर वेगळा. तपासणीच्या दिवशी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर उमटेना, कारण मी त्याच्यावर हौसेने रंगाचे दोन हात दिले होते. तिथेच रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपरने रंग घासून काढला. रंग देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

एकूण खर्च गाडीच्या किमतीसह त्रेसष्ट हजार चारशे. वहीत आहे. मायलेज सत्तावीस. हा आकडा तोंडपाठ ठेवावा लागतो, कारण जिथे थांबावं तिथे एक गृहस्थ येतातच. “माझ्याकडं होती ही.” मग टाकीवरून हात फिरवतात. “विकली आणि चूक केली.” मग ॲव्हरेज विचारतात आणि सत्तावीस ऐकलं की शांतपणे आपल्या स्कूटरकडे जातात.

नवीन बोअरचे पहिले हजार किलोमीटर चाळीस-पंचेचाळीसच्या वर न्यायची नाही असं ठरलं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत आणि परत, असंच कितीतरी रविवार. हजार झाले आणि पहिली लांबची फेरी गगनबावड्याची ठरवली. डिसेंबर, गळीत हंगाम, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. बालिंगा, कळे, कुठेही घाई न करता. साठच्या वेगाला रोडकिंगचा आवाज जुळून येतो. ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, एकच घुमारा होतो आणि हँडलची थरथर थांबते. त्याच्या खाली थरथर, त्याच्या वर थरथर, मध्ये पाचेक किलोमीटरची ती पट्टी. कळ्याच्या पुढे एका ट्रॉलीमागे मी मुद्दाम बराच वेळ राहिले, कारण तिचा वेग तोच नव्हता पण उसाचा वास चांगला येत होता.

साळवणच्या अलीकडे गाडी अडखळायला लागली. आधी एखादा ठोका, मग सायलेन्सरमधून फटाका, मग बंद. पाच मिनिटं थांबलं की सुरू, दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. एका पिंपळाखाली उभी करून पॉइंटचं कव्हर उघडलं आणि किक मारून बघितलं. पॉइंटच्या टोकांमध्ये भली मोठी पिवळी ठिणगी उडत होती. तिथे ती जेमतेम दिसली पाहिजे, असली तर निळसर. पिवळी म्हणजे कंडेन्सर गेला. तापला की दगा देणारा, थंड झाला की साळसूद. नवा, खोक्यातला, तेराशे किलोमीटरसुद्धा न झालेला.

जादा कंडेन्सर आणला नव्हता. टूलबॉक्स उलटा केला. पाने, प्लग, दुधाची एक धुतलेली पिशवी, आणि पावडरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी असलेला तो जाडजूड कंडेन्सर.

एक स्क्रू, एक वायर. पट्टीची भोकं प्लेटच्या बाहेरच्या स्क्रूंवर बरोबर बसली, ती त्याच जागेसाठी केली होती. पॉइंटची टोकं जळून खरखरीत झाली होती, ती नेलफायलीने साफ केली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पिंपळाच्या पारावरचे आजोबा एवढा वेळ गप्प बसले होते. ते उठून आले, टाकीवर हात ठेवला.

“माझ्याकडं होती ही,” म्हणाले.

गगनबावड्याला चहा घेतला आणि संध्याकाळी घरी आले. सोमवारी दुसऱ्या दुकानातून नवीन कंडेन्सर आणला, नव्वद रुपये, वहीत लिहिला. तो टूलबॉक्समध्ये आहे.